यपकडून झॉडकडे: रिकाम्या चौकटीचा जुना वाद

यप आणि झॉड या फॉर्मचा डेटा तपासणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररी. यपचे स्कीमा (डेटा कसा असावा याचे नियम) ओळीला ओळ लावून झॉडमध्ये उतरवले, टाइपची एकही तक्रार आली नाही, आणि तरी डेटाबेसात बिनानावाच्या नोंदी पडू लागल्या. लायब्ररी बदलताना ही अडचण हमखास येते. तिचं मूळ ‘रिक्वायर्ड’ म्हणजे नेमकं काय, या जुन्या मतभेदात आहे.

जेक्वेरीच्या व्हॅलिडेशन प्लगिनपासून (२००६) एचटीएमएल५ पर्यंत समज एकच होता: फॉर्ममधल्या चौकटीत काही टाइप केलं नाही, तर ती भरलेली नाही. ईमेल किंवा पॅटर्नसारखे नियम रिकाम्या चौकटीला लागतच नसत. जॉय या आधीच्या तपासणी-लायब्ररीच्या धर्तीवर आलेल्या यपनेही तोच समज सांभाळला. फील्ड मुळात ऐच्छिक. रिक्वायर्ड लावलं की रिकामी स्ट्रिंगही (एकही अक्षर नसलेला मजकूर) बाद. वर फॉर्मिक ही फॉर्म हाताळणारी लायब्ररी यपकडे मूल्यं पाठवण्याआधी रिकाम्या स्ट्रिंगचं परस्पर अनडिफाइन्ड (म्हणजे ‘मूल्यच नाही’) करते. ही मदत पडद्याआड होत असल्याने अनेक टीमना तिचा पत्ताच नसतो.

झॉड २०२० मध्ये आला तो टाइपस्क्रिप्टच्या, म्हणजे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या, नजरेने. त्यात प्रत्येक फील्ड आपोआप आवश्यक असतं, पण रिकामी स्ट्रिंगही स्ट्रिंगच, म्हणून ती पास होते. एपीआयचा (प्रोग्रॅम एकमेकांना पाठवतात तो) डेटा तपासायला हा निर्णय चोख आहे. फॉर्मसाठी मात्र तो गैरसोयीचा आहे, कारण ब्राउझर न भरलेल्या मजकूर-चौकटीतून नेहमी रिकामी स्ट्रिंगच देतो. फटका दोन्ही बाजूंनी बसतो: आवश्यक नाव रिकामं असून पुढे जातं, आणि ऑप्शनल लावलेला ईमेल रिकामा ठेवला की अडतो, कारण ऑप्शनल फक्त अनडिफाइन्डला सूट देतं. नावासाठी आधी ट्रिम (कडेच्या स्पेस काढणं) आणि मग मिन १ (किमान एक अक्षर) लावावं. क्रम उलटा झाला तर नुसत्या स्पेस पास होतात. ऐच्छिक ईमेलसाठी प्रीप्रोसेसमध्ये, म्हणजे तपासणीआधीच्या पायरीत, रिकाम्या स्ट्रिंगचं अनडिफाइन्ड करावं.

आकड्यांत धोका जास्त आहे. यप “४२” ही स्ट्रिंग स्वतःच संख्येत बदलतो, झॉड ती नाकारतो. मग घाईत कोअर्स (मूल्य हव्या त्या टाइपमध्ये बदलणं) लावलं जातं आणि रिकाम्या चौकटीचा शून्य होतो, कारण जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगची संख्या शून्यच येते. रक्कम किंवा नग विचारणाऱ्या फॉर्ममध्ये हा शून्य कुणाच्या नजरेला येत नाही. इथेही कोअर्सच्या आधी तेच प्रीप्रोसेस लागतं.

एका फील्डच्या मूल्यावरून दुसऱ्याचा नियम ठरवणाऱ्या यपच्या व्हेनला झॉडमध्ये थेट जोड नाही. पर्याय ठरलेले असतील तर डिस्क्रिमिनेटेड युनियन (एका फील्डवरून योग्य स्कीमा निवडणं), नाहीतर सुपररिफाइन (स्वतः लिहिलेली तपासणी). पण आतल्या एखाद्या फील्डचा टाइपच चुकला, तर पूर्ण ऑब्जेक्टवर लावलेलं रिफाइन चालत नाही, त्यामुळे ‘पासवर्ड जुळत नाही’ हा संदेश उशिरा दिसू शकतो. स्कीमात नसलेल्या ‘की’ (फील्डची नावं) यप तशाच राहू देतो, झॉड गाळतो. लपवलेल्या फील्डमधला आयडी गायब झाला तर आधी इथेच पाहावं.

रिअॅक्ट हुक फॉर्म या फॉर्म-लायब्ररीचे रिझॉल्व्हर (फॉर्म आणि व्हॅलिडेटर जोडणारे दुवे) आणि २०२५ मध्ये आलेला स्टँडर्ड स्कीमा (व्हॅलिडेटरसाठीचा सामायिक करार) यांमुळे जोडणीचा भाग आता चार ओळींवर आला आहे. मात्र स्टँडर्ड स्कीमा मुख्यतः व्हॅलिडेटरला हाक कशी मारायची आणि चुका कोणत्या रूपात परत द्यायच्या, हे ठरवतो. रिकाम्या स्ट्रिंगचा निर्णय अजूनही प्रत्येक फील्डवर हातानेच घ्यावा लागतो.