दगडाचे अविनाशी परीक्षण

बांधकामातील नैसर्गिक दगड न फोडता व त्याचा नमुना न कापता त्याचा भक्कमपणा, भेगा आणि झीज अजमावण्याच्या पद्धती. यांतील सर्वांत जुनी पाथरवटाची : हातोडीखाली निर्दोष काळा पाषाण खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो.

श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या, उच्च वारंवारतेच्या) ध्वनीचा आरपार जाण्याचा वेग मोजून आतील दोष ओळखण्याच्या पद्धतीचे श्रेय वादग्रस्त आहे. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडात लेस्ली व चीझमन यांनी धरणांच्या काँक्रीटमधील भेगा शोधण्यासाठी ‘सोनिस्कोप’ तयार केला. सुमारे त्याच काळात इंग्लंडमध्ये जोन्स यांनी तसेच उपकरण बनवले. काही लेखक पहिला मान कॅनडाला देतात. दोन्ही कामे स्वतंत्रपणे झाली, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. स्विस अभियंता एर्न्स्ट श्मिट यांचा उसळी हातोडाही (पृष्ठावर आपटून किती उसळतो, यावरून कठीणपणा अंकात सांगणारा) याच सुमाराचा (1948–50). 1966 मध्ये डीअर व मिलर यांनी त्याच्या उसळीच्या अंकाचा खडकाच्या घनतेशी व दाबबलाशी (दाब सोसण्याच्या ताकदीशी) संबंध जोडला. ही दोन्ही साधने मुळात काँक्रीटची, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पुण्यात हा मुद्दा कळीचा ठरतो. येथील दगड दख्खनच्या लाव्हाथरांतला बेसाल्ट. ताज्या, घट्ट बेसाल्टमध्ये ध्वनिवेग सेकंदाला 5 ते 6 किमी. असतो, वायूच्या पोकळ्या असलेल्या, किंवा त्या झिओलाइट या खनिजाने भरलेल्या थरात तो मुळातच बराच कमी भरतो. काँक्रीटच्या भारतीय मानकाने (1992) 3 किमी.च्या खालचा वेग संशयास्पद ठरवला. तोच निकष लावला तर शतकानुशतके उभा असलेला सच्छिद्र चिराही नापास होईल. म्हणून मोजमाप त्याच थरातील ताज्या दगडाशी ताडून पाहावे. ओल हीदेखील फसवी : सच्छिद्र दगडात ती ध्वनिवेग वाढवते, हातोड्याची उसळी मात्र घटवते.

सामान्यतः आठव्या शतकातील मानले जाणारे पुण्यातील पाताळेश्वर लेणे अखंड खडकात कोरलेले असल्याने तेथील भिंतींना बहुधा एकच बाजू मिळते. ध्वनी सोडणारा प्रेषक व तो टिपणारा ग्राहक एकाच पृष्ठावर ठेवावे लागतात आणि वाचन मुख्यतः वरच्या थराचे येते. बाहेर घडीव चिरे व आत चुन्यातली भर असलेल्या जाड भिंतीत उच्च वारंवारतेचा ध्वनी सांध्यांत विरतो. तेथे हातोडीच्या ठोक्याने निर्माण केलेल्या कमी वारंवारतेच्या लहरी उपयोगी पडतात.

‘अविनाशी’ हा शब्दही सापेक्षच. हातोड्यासाठी पृष्ठभाग घासून सपाट करतात आणि ध्वनिपरीक्षणात उपकरण दगडाला नीट चिकटून बसावे म्हणून लावलेल्या ग्रीसचा डाग सच्छिद्र दगडात मुरतो. कोरीव भागावर दोन्ही टाळावेत. भूवेधी रडार (आत रेडिओ लहरी सोडून परावर्तन टिपणारे) व अवरक्त चित्रण (पृष्ठाच्या उष्णतेचे चित्र) दगडाला स्पर्श न करताही करता येते.