लाटाकिया कडक नसतो, पेरिक असतो

पाइपच्या तंबाखूचा डबा उघडावा, आत काळीभोर पानं दिसावीत, धुराचा वास थेट नाकात शिरावा आणि बघणाऱ्यानं ठरवून टाकावं, "हा आपल्याला झेपणार नाही." मग तो डबा बाजूला ठेवून मनुकांसारखा गोडसर वास येणारा 'हलका' डबा उचलला जातो. तासाभरात कपाळावर घाम, उचकी आणि मळमळ. बाजूला ठेवलेल्या डब्यात लाटाकिया नावाचा तंबाखू होता आणि उचललेल्यात पेरिक नावाचा. हा घोटाळा वर्षानुवर्षं तसाच चालू आहे.

लाटाकिया बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. नाव सीरियातल्या बंदराचं, पण हल्ली मिळतो तो जवळजवळ सगळा सायप्रसचा. ओरिएंटल जातीची पानं आधी उन्हात वाळवायची, मग बंद जागेत टांगून खालून सुगंधी झाडाझुडपांचा धूर द्यायचा. शेकोटी, चामडं, धूप असा जो वास येतो तो या धुराचा.

पेरिकला धूर दाखवतच नाहीत. तो अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स पॅरिशचा (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा). तिथले मूळ रहिवासी तंबाखू दाबून मुरवत असत. त्यांच्याकडून ही रीत उचलून १८२४ च्या सुमारास तिचा व्यापार सुरू करण्याचं श्रेय पिएर शने या शेतकऱ्याला देतात. हवेत वाळवलेली पानं किंचित ओली करून मधली शीर काढायची, पिळून गड्ड्या बांधायच्या, त्या ओकच्या पिंपात ठासायच्या आणि वरून स्क्रू-जॅकनं दाब द्यायचा. पानांचा रस सुटतो, पानं त्यातच बुडतात, हवा मिळत नाही आणि सगळं आंबू लागतं. अधूनमधून दाब सोडून पानं वरखाली करायची आणि पुन्हा ठासायची. हे साधारण वर्षभर चालतं. आलुबुखार, अंजीर, थोडा व्हिनेगर, थोडी अळंबी असा वास त्यातूनच येतो. "यात फळांचा फ्लेवर घातलाय का?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. कुणी काही घातलेलं नसतं.

आता खरी अडचण. वासाचा जोर आणि निकोटीनचा जोर यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. धुरातून पानाला वास मिळतो, निकोटीन मिळत नाही. लाटाकियाचं पान ओरिएंटल, म्हणजे मुळातच कमी निकोटीनचं. मिश्रणात लाटाकिया तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत सहज जातो आणि जितका वाढवाल तितकी त्याहून कडक पानांची जागा तो खातो. म्हणजे डब्याचा वास उग्र होत जातो आणि डोकं गरगरायची शक्यता कमी होते. शिवाय तो सावकाश, थंड जळतो, जीभ फारशी भाजत नाही. नवशिक्याला घाबरवायला नेमका हाच तंबाखू दाखवतात, हे मला कधीच कळलेलं नाही. (निकोटीन कमी म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र कुणी समजू नये. जळणारा तंबाखू तो जळणारा तंबाखूच.)

पेरिकचं बरोबर उलट. पान अंगानंच कडक, म्हणून मिश्रणात पाच-दहा टक्के पुरतो, पंधराच्या पुढे तो बाकीच्यांना बोलू देत नाही. खोलीत त्याचा वास फारसा जाणवत नाही, पण धूर नाकातून सोडला की मिरपुडीसारखी झिणझिण होते. ही झिणझिण म्हणजेच निकोटीन, असंही नाही. ती चव आहे, निकोटीन मागाहून गाठतं. म्हणून लाटाकियाची तक्रार घरातले करतात आणि पेरिकची स्वतःचं पोट.

"धूर दिलेला म्हणजे कडक" हा नियम जिथे खरा ठरतो तो तंबाखू वेगळाच: केंटकीचा डार्क-फायर्ड. त्यालाही लाकडाचा धूर देतात आणि तो खरोखर कडक असतो. त्याची बदनामी लाटाकियाच्या माथी मारू नका.

बाकीचे फरक किरकोळ. रंगावरून काही कळत नाही, वाफवलेला ब्लॅक कॅव्हेंडिश नावाचा तंबाखूही काळाच असतो. बंद डब्यात वर्षं गेली की लाटाकियाची धार बोथट होत जाते, व्हर्जिनिया (गोडसर, साखर जास्त असलेला तंबाखू) आणि पेरिक यांचं मिश्रण उलट मुरतं.

माझं विचाराल तर पेरिक व्हर्जिनियाच्या सोबतीनंच शोभतो, कारण व्हर्जिनियाची साखर त्या मिरीला आवर घालते. एस्कुडो या व्हर्जिनिया-पेरिक मिश्रणाच्या गोल चकत्या ओढून पाहा, म्हणजे पटेल. नुसता पेरिक भरून ओढणं ही हौस नाही, पैज आहे. आणि लाटाकियात चेरी-व्हॅनिला ओतणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

लाटाकिया सोसत नाही म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की ओढलं काय. बऱ्याचदा उत्तर येतं 'नाइटकॅप', पूर्वी डनहिल कंपनीच्या नावानं मिळायचा तो तयार मिश्रणाचा डबा. त्यात लाटाकिया आहे, पण पेरिकही आहे. लाटाकियाचा निकाल त्यावरून लावू नका. स्क्वाड्रन लीडरसारखं लाटाकियाचं साधं मिश्रण घ्या, जेवण झाल्यावर सावकाश ओढा आणि मग बोला. नाइटकॅप पुन्हा काढाल तेव्हा मात्र पोट रिकामं नको.