एकशे पस्तीस गुणिले बारा

चौथी-पाचवीतल्या मुलाच्या वहीत गुणाकार चौकटींत मांडलेला दिसला की बरेच पालक कपाळाला हात लावतात. ‘आम्ही खाली-खाली मांडायचो, हातचा घ्यायचो, झालं. हे काय नवीन काढलंय?’ तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिच्यातला ‘नवीन’ हा शब्द तपासून घ्यायला हवा.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ लिहिला. गुणाकाराचं उदाहरण देताना ते पाडसासारख्या चंचल डोळ्यांच्या लीलावतीला विचारतात : पाच, तीन, एक (म्हणजे उजवीकडून वाचलं तर 135) याला ‘दिवाकरां’नी गुणलं तर किती? दिवाकर म्हणजे सूर्य आणि पुराणांतले सूर्य (आदित्य) बारा. हाच गुणाकार ते वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवतात. सरळ बाराने गुणा. बाराचे 8 आणि 4 असे तुकडे करून गुणा, मग बेरीज करा. आधी तीनने, मग चारने गुणा. स्थानांप्रमाणे बारातले एक (दशक) आणि दोन (एकक) वेगळे काढा. किंवा वीसने गुणून आठपट वजा करा. कसंही केलं तरी 1620. आपली खाली-खाली मांडायची रीत ही यातल्या स्थानांच्या रीतीचीच लेक.

सरळ रीत कागदावर करून बघितली तर गंमत कळत नाही, कारण ती धुळीच्या पाटीसाठी होती. सुरुवात डावीकडून. एकाला बाराने गुणलं, 12 आले. गुणक एक घर उजवीकडे सरकवायचा. तीन बारे छत्तीस त्यात मिळवले की 12 पुसून 156. पुन्हा सरकवायचा, पाच बारे साठ, 156 पुसून 1620. बोटाने पुसायचं, बोटानेच लिहायचं. शाईने लिहिलेलं असं पुसता येत नाही, तिथे ही रीत अडते.

दुसरी एक रीत जाळीची : एक संख्या वर, दुसरी बाजूला, मधे घरांची जाळी आणि प्रत्येक घरात वरच्या नि बाजूच्या आकड्याचा गुणाकार. तिच्यात काहीच पुसावं लागत नाही. प्रत्येक घराला तिरपी रेघ, वर दशक, खाली एकक, आणि शेवटी तिरप्या ओळींची बेरीज. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 च्या सुमारास लीलावतीवर टीका (म्हणजे भाष्य) लिहिली, तीत ही जाळी आहे; इटलीत त्रेविझोला 1478 मध्ये छापलेल्या अंकगणितातही आहे. गणेशांच्या याच टीकेत आकडे जागचे न हलवता तिरपे गुणत जाण्याची ‘तत्स्थ’ रीतही येते. गुरूने समोर बसून सांगितल्याशिवाय मंदबुद्धीच्या मुलाला ती जमायची नाही, असा शेराही गणेश मारतात! आज तीच रीत ‘वैदिक गणित’ म्हणून भरपूर फी घेऊन शिकवली जाते.

पंतोजींच्या शाळेत भर होता तोंडी पाढ्यांवर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दुकानात, बाजारात तोंडी हिशेबाला तेवढं पुरायचं. पुढे छापील पुस्तकं आणि लेखी परीक्षा आल्या. पेपर तपासायला एकच ठरलेली मांडणी सोयीची, म्हणून उभी मांडणी टिकली.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीच्या प्राथमिक पुस्तकांत चौकटी आल्या. वर 100, 30, 5. बाजूला 10 आणि 2. आत 1000, 300, 50, 200, 60, 10. बेरीज पालकांनीच करून बघावी.