हाताने वळलेली व्हेप कॉइल
ई-सिगारेटच्या (व्हेपच्या) अ‍ॅटोमायझरमध्ये, म्हणजे वाफ तयार करणाऱ्या भागात, द्रव तापवून त्याची वाफ करणारे, वापरणाऱ्याने स्वतः तार वळून तयार केलेले वेटोळे. तयार कॉइल खराब झाली की फेकून देतात. हाताने वळलेल्या कॉइलमध्ये मात्र तार आणि तिच्यापर्यंत द्रव पोहोचवणारा कापूस दोन्ही बदलता येतात, आणि त्यासाठी अ‍ॅटोमायझरच्या तळावर तारेची टोके आवळायला स्क्रू असलेले खांब दिलेले असतात. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये धूरविरहित सिगारेटचे पेटंट मिळाले होते. आजच्या ई-सिगारेटची सुरुवात चीनमधील औषधनिर्माते हॉन लिक यांच्या २००३ च्या सुमाराच्या कामापासून मानतात. घरी कॉइल वळण्याचा छंद त्यानंतरचा, आणि त्याची परिभाषा जवळपास सगळी इंग्रजी.

तार : नायक्रोम आणि कांथल या दोन मिश्रधातूंचा वापर सर्वाधिक आहे. विजेच्या शेगडीत दिसते ती नायक्रोम. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये तिचे पेटंट घेतले. कॉइलसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकारात ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असते. कांथल स्वीडनमधील हान्स फॉन कान्ट्सोव्ह यांची. तीत लोह, सुमारे २२ टक्के क्रोमियम आणि पाच-सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम असते. कांथल तापली की तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ, वीजरोधक थर चढतो. वेढे एकमेकांना चिकटवून वळलेली कॉइल या थरामुळेच चालते, नाहीतर वीज शेजारच्या वेढ्यात उडी मारून जवळची वाट धरेल. याशिवाय ३१६ दर्जाचे स्टेनलेस पोलाद, शुद्ध निकेल आणि टायटॅनियम यांच्याही तारा वापरतात. निकेल व टायटॅनियमच्या कॉइल कोरड्या असताना लाल होईपर्यंत तापवू नयेत. टायटॅनियम पेटूही शकते.

रोधाचे गणित : कांथलची २६ गेजची तार ०.४ मिमी जाडीची असते आणि तिचा रोध मीटरला सुमारे ११ ओहम भरतो. ती ३ मिमी जाडीच्या दांडीवर सात वेढे वळली की एका वेढ्याला १०.७ मिमी याप्रमाणे साधारण ७५ मिमी तार लागते. पायांची, म्हणजे खांबांपर्यंत जाणाऱ्या टोकांची, तार धरून ८५ मिमी. म्हणजे रोध सुमारे ०.९५ ओहम. अशा दोन कॉइल समांतर जोडल्या की तो अर्ध्यावर येतो. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो, तेव्हा अर्ध्या ओहमच्या जोडीतून ८.४ अँपिअर प्रवाह आणि ३५ वॅट शक्ती मिळते. तीच गोष्ट ०.१ ओहमवर नेली तर ४२ अँपिअर. उच्च प्रवाहासाठीचे १८६५० आकाराचे सेलही सलग २० ते ३० अँपिअरसाठीच बनवलेले असतात. धोका नेमका कुठे सुरू होतो ते या भागाकारातच दिसते.

बिघाड आणि त्यांचा शोध : नवशिका सगळ्याचा दोष तारेला देतो. प्रत्यक्षात तार क्वचितच बिघडते. बहुतेक तक्रारी स्क्रूच्या नाहीतर कापसाच्या असतात.

रोध मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा क्षणाक्षणाला बदलत असेल तर तो लूज कॉन्टॅक्ट समजावा. स्क्रू आवळावा, पण पातळ तार तुटेल इतका नाही. रोध हिशेबापेक्षा बराच कमी आला तर पाय खांबाला किंवा कॉइल तळाला टेकली आहे का ते पाहावे. कापूस घालण्यापूर्वी कमी वॅटवर थोडा थोडा वेळ ठेवून कॉइल तापवून बघतात. ती मधून लाल होऊ लागून कडेकडे पसरली पाहिजे. एकाच जागी ठिणगीसारखा लाल ठिपका दिसला तर तिथे वेढे नीट जुळलेले नाहीत किंवा विषम टेकलेले आहेत. प्रवाह बंद करून सिरॅमिक चिमट्याने वेढे हलकेच दाबावेत, मग पुन्हा तापवावे. आधी पायच लाल झाले तर तिथला संपर्क कच्चा आहे. दोन कॉइलपैकी एक उशिरा पेटली तर बहुधा तारांची लांबी सारखी नाही.

सर्वांत त्रासदायक तक्रार म्हणजे करपट झुरका, आणि ती बहुतेक वेळा कापसाची. द्रवातले मुख्य घटक दोन : प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. द्रव मुबलक असेपर्यंत उकळण्यातच उष्णता खर्च होते आणि तार फार तापत नाही. कापूस सुकला की हा आवर सुटतो, कापूस करपतो आणि ग्लिसरीनचे विघटन होऊन अ‍ॅक्रोलीनसारखी घशाला झोंबणारी, घातक द्रव्ये तयार होतात. कापूस फार दाबून भरला तर द्रव पोहोचत नाही, सैल भरला तर टाकी गळते आणि तोंडात गरम थेंब उडतात. ओढताना किंचित अडकावा, पण कॉइल वाकू नये, इतपत बोळा बरोबर. गोड चवीच्या द्रवांत सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा असेल तर तारेवर काळे कीट लवकर चढते. तेव्हा कापूस बदलावाच लागतो.

तापमान-नियंत्रण चालत नाही, अशीही एक तक्रार असते. ही सोय तापल्यावर रोध किती वाढला यावरून तापमान काढते. निकेलचा रोध झपाट्याने वाढतो, पोलादाचा थोडा, कांथलचा जवळजवळ नाहीच. कांथल लावून हे नियंत्रण चालवू पाहणाऱ्याचे यंत्र ठीकच असते, तार चुकीची असते. तार योग्य असली तरी मूळ रोध कॉइल पूर्ण थंड असतानाच नोंदवायचा असतो.

धोके : इलेक्ट्रॉनिक मंडल नसलेल्या, सेल थेट कॉइलला जोडणाऱ्या ‘मेकॅनिकल’ उपकरणात शॉर्ट झाले तर अडवणारे काहीच नसते. सेलवरचे प्लास्टिकचे वेष्टन फाटलेले असणे किंवा अ‍ॅटोमायझरची मधली पिन पुरेशी बाहेर नसणे एवढेही कारण पुरते. २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात व्हेपच्या स्फोटात एकाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोर परिसरातील वापरकर्त्यांची उपकरणे तपासली. तापलेल्या कॉइलशी संपर्क आल्यावरच्या वाफेत शिसे, क्रोमियम, निकेल आणि मँगनीज त्यांना आढळले. कॉइल कितीही नेटकी वळली तरी हे टळत नाही, आणि द्रवातले निकोटिन व्यसन लावते ते वेगळेच.

भारतातील कायदा : १८ सप्टेंबर २०१९ चा अध्यादेश आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये झालेला ई-सिगारेट प्रतिबंध कायदा यांनी देशात, अर्थातच महाराष्ट्र व गोव्यातही, ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. ही बंदी संपूर्ण उपकरणापुरती नसून त्याच्या कोणत्याही भागाला लागू आहे. त्यामुळे नायक्रोमची तार शेगडी दुरुस्त करण्यासाठी बाजारात मिळत असली, तरी तिची व्हेप कॉइल बनवणे या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होतो.