सच्छिद्र संग्राहक नळ

जलाशय, तलाव किंवा नदीपात्रातील पाणी एका तोंडाने न घेता लांबीभर पाडलेल्या छिद्रांतून घेणारा नळ. त्याचे एक टोक बंद असते, दुसरे जॅकवेलला (ज्या विहिरीतून पंप पाणी उचलतो तिला) किंवा पंपाच्या चूषण-नळाला जोडतात.

उगम : इराणी कनातीशी त्याचे नाते जोडले जाते. परंतु कनात हा उतारावर खोदलेला बोगदा. छिद्रांच्या रोधाने प्रवाह वाटून घेण्याची कल्पना तीत नाही, म्हणून हे नाते दूरचे मानणे बरे. नदीकाठच्या पाझर-बोगद्यांची युरोपीय उदाहरणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहेत. विहिरीच्या तळातून चहूबाजूंना सच्छिद्र नळ सारण्याची लिओ रॅनी यांची पद्धत १९३० च्या दशकात लंडनमध्ये प्रथम वापरली गेली.

जलगतिकी : सर्व छिद्रे सारखी असूनही पाणी सारखे येत नाही. छिद्रातून शिरणाऱ्या पाण्याला नळाच्या दिशेने वेग नसतो. तो मुख्य प्रवाहाकडून मिळतो आणि त्याची किंमत दाबाने चुकवावी लागते. ही घट किती, याबद्दल दोन हिशेब आहेत. ऊर्जा-समीकरण धरल्यास ती निर्गमाकडील (पाणी नळातून बाहेर पडते त्या टोकाकडील) वेगशीर्षाइतकी, म्हणजे त्या वेगाशी तुल्य अशा पाण्याच्या उंचीइतकी, येते. संवेग-समीकरण धरल्यास दुप्पट. मिसळताना ऊर्जा वाया जाते, म्हणून दुसरा हिशेब अधिक ग्राह्य वाटतो. मॅक्नाउन (१९५४) आणि ॲक्रिव्होस, बॅबकॉक व पिगफर्ड (१९५९) यांचे अभ्यास या प्रश्नात पायाभूत आहेत. वाटप करणाऱ्या नळात संवेगामुळे दाब वाढतो व घर्षणाची काहीशी भरपाई होते. संग्राहक नळात मात्र दोन्ही घटी एकाच दिशेच्या असतात.

उदाहरणार्थ, ३०० मिमी. व्यासाच्या नळाच्या निर्गमाशी वेग १ मी./से. असल्यास प्रवाह सुमारे ७० लि./से. असतो. संवेगामुळे दाब सु. १० सेंमी. घटतो. १२ मिमी.ची सु. ३१० छिद्रे पाडली तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ नळाच्या छेदाच्या निम्मे भरते, निर्गम-गुणांक (छिद्रातील प्रत्यक्ष व सैद्धांतिक प्रवाहाचे गुणोत्तर) ०.६ धरून छिद्रांवर सु. ५७ सेंमी. शीर्ष (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) खर्ची पडते आणि, घर्षण सोडल्यास, दोन टोकांच्या छिद्रांतील प्रवाहात फरक ९ टक्क्यांच्या आसपास राहतो. छिद्रे दुप्पट केली तर शीर्षहानी १४ सेंमी.वर येते, पण फरक ४० टक्क्यांपर्यंत जातो. ‘छिद्रे जितकी जास्त तितके चांगले’ हा समज येथेच फसतो. निर्गम मध्यावर घेतल्यास प्रत्येक बाजूचा वेग निम्मा होऊन संवेगाची घट चौथाईवर येते. हा उपाय सर्वांत स्वस्त.

वाळू-खडीत पुरलेल्या नळाला कमी छिद्रांचा हा नियम लागत नाही. तेथे वाळू आत ओढली जाऊ नये म्हणून छिद्रांतील वेग ०.०३ मी./से.च्या आत ठेवायचा तर याच प्रवाहाला सु. २.४ चौ. मी. उघडे क्षेत्र लागते, म्हणजे नळाच्या छेदाच्या तेहेतीसपट. समता राखण्याचे काम मग भोवतीच्या वाळूचा रोध करतो. खडी छिद्रापेक्षा मोठी हवी.

दोष : निर्गमाजवळची छिद्रे जास्त ओढतात, म्हणून पालापाचोळा व शेवाळ प्रथम तेथे अडकते. ओढ मग दूरच्या छिद्रांकडे सरकते, त्यामुळे बिघाड लगेच कळत नाही. फक्त जॅकवेलची पातळी तलावापेक्षा हळूहळू अधिक खाली राहू लागते. बाहेरून ड्रिल केल्यावर आत उरलेली बर (छिद्राच्या कडेची खरखरीत धार) न काढल्यास तिच्यात तंतुशेवाळ गुंतते. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर निर्गमाजवळच्याच छिद्रांवर भोवरा धरून हवा शिरते व पंपाचे पाणी तुटते.