दोन्ही आम्लंच, पण कपाट एक नको: नायट्रिक आणि ग्लेशियल ॲसिटिक

बऱ्याच कॉलेजांच्या प्रयोगशाळेत ‘ॲसिड’ अशी चिठ्ठी लावलेलं एक कपाट असतं. आत सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि त्यांना खेटून ग्लेशियल ॲसिटिक. बारावीच्या सॉल्ट ॲनालिसिसला (क्षारातले घटक ओळखण्याच्या प्रयोगाला) नायट्रिक लागतं, ॲसिटिकही लागतं, म्हणून दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवायची सवय पडते. ही सवय मोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही लिटमस लाल करतात, दोन्ही कातडी भाजतात. पण आगीशी त्यांचं नातं अगदी उलट आहे. ॲसिटिक आम्ल हे सेंद्रिय, स्वतः जळणारं द्रव्य. घरातल्या व्हिनेगरमध्ये ते जेमतेम ४-५ टक्के असतं, त्यामुळे आपल्याला ते गरीब वाटतं. ग्लेशियल म्हणजे जवळपास निव्वळ आम्ल. साधारण ३९ अंश सेल्सिअसला त्याची इतकी वाफ सुटते की ठिणगी पडली तर पेट घ्यावा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडची बंद खोली हा आकडा सहज ओलांडते.

नायट्रिक स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतं. ते ऑक्सिडीकारक आहे. संहत नायट्रिक लाकडाच्या भुशावर किंवा कागदावर सांडलं तर तो भुसा किंवा कागद पेटू शकतो. म्हणून सांडलेलं टिपायला भुसा, चिंध्या नकोत, कोरडी वाळू आणि खायचा सोडा घ्यावा. लाकडी फळीही त्याला नको. आता कल्पना करा, एकाच ट्रेमध्ये दोन्ही बाटल्या फुटल्या: इंधन आणि त्याला पेटवणारं, दोन्ही एकाच जागी.

बाटलीवरची चिन्हंही फसवतात. ॲसिटिकवर नुसती ज्वाळा, तर नायट्रिकवर वर्तुळावर बसलेली ज्वाळा. घाईत दोन्ही सारखीच दिसतात. पहिली सांगते, ‘मी पेटेन’. दुसरी, ‘मी पेटवेन’. मुलांना पहिल्याच तासाला हे शिकवावं, समीकरणं नंतर.

ॲसिटिकची जागा ज्वलनशील द्रावकांच्या कपाटात, अल्कोहोल-ॲसिटोनच्या सोबत. नायट्रिक अजैविक आम्लांत, पण तिथेही स्वतःच्या वेगळ्या ट्रेमध्ये आणि उजेडापासून दूर, कारण उजेडात ते विघटित होऊन पिवळं पडतं. नावाच्या इंग्रजी आद्याक्षराप्रमाणे बाटल्या लावणं तर मुळीच नको. ‘ए’च्या फळीवर ॲसिटिक आम्ल, ॲसिटोन आणि अमोनियम नायट्रेट (हेही ऑक्सिडीकारक) एका रांगेत येतात!

थंडीत ग्लेशियल गोठतं (१६.६ अंशांना), ते कोमट पाण्यात ठेवून वितळवावं, बर्नरजवळ नाही.

सगळ्यात जास्त काळजी टाकाऊ बाटलीची, म्हणजे वापरून झालेलं आम्ल साठवायच्या बाटलीची. प्रयोग संपल्यावर ॲसिटोनने विसळलेल्या बीकरमधलं पाणी कुणीतरी नायट्रिकच्या बाटलीत ओततं आणि झाकण घट्ट लावून घरी जातं. आत सावकाश वायू तयार होत राहतो, दाब वाढतो आणि काही तासांनी, खोलीत कुणी नसताना, बाटली फुटते. नायट्रिकच्या टाकाऊ बाटलीला वायू बाहेर सोडणारं झाकण हवं आणि तिच्यावर लांबून वाचता येईल असं लिहिलेलं हवं: ‘यात सेंद्रिय काहीही ओतू नये.’