वय झालं की कपड्यात शी होणारच?

"वय झालं, आता असं चालायचंच," म्हणत आजीला जुनं फडकं दिलं जातं. हा समज चुकीचा आहे. गुदद्वाराशी दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप आवळलेला राहतो, बाहेरचा आपण आवळतो. बाळंतपणात तो फाटला असेल तर त्रास कधी कधी कित्येक वर्षांनी सुरू होतो.

पुष्कळदा तर कारण उलटंच निघतं. आत मळाचा कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. घरचे जुलाब समजून थांबवायची गोळी देतात, बद्धकोष्ठ आणखी वाढतं! डॉक्टरांनी बोटाने तपासलं की खडा बहुधा लगेच कळतो.

स्नायू ढिले असतील तर वारा रोखल्यासारखं आवळायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. हे काही आठवडे रोज. मळात रक्त दिसलं तर मात्र लगेच दाखवा.